नाशिकहून कुत्र्याला विमानाने नेताना: तिकीट सगळ्यात शेवटी

बदली झाली, नोकरी बदलली, मुलाकडे कायमचं राहायला जायचं ठरलं, की घरातलं कोणीतरी लगेच मोबाइलवर स्वस्त तिकिटं शोधायला बसतं. कुत्र्याचं नंतर बघू म्हणतात. मग कळतं की त्या कंपनीत कुत्रा चालत नाही, किंवा चालतो पण पिंजऱ्यासकट वजन जास्त भरतं, आणि तिकीट तर रद्द केलं तरी पैसे परत न मिळणारं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कुत्र्याचं वजन आणि माप, मग पिंजरा, मग विमान कंपनीचा लेखी होकार, आणि सगळ्यात शेवटी तुमचं तिकीट. हाताशी दोन महिने असतील तर उत्तम. सहा आठवड्यांच्या आत हे नीट जमवणं कठीण, आणि पंधरा दिवसांत तर करूच नका. कुत्र्याला काही दिवस ओळखीच्या घरी ठेवा आणि नंतर येऊन घेऊन जा.

१. ओझरचा विचार सोडा

घरापासून वीसेक किलोमीटरवर ओझरला विमानतळ असताना मुंबईला कशाला जायचं, हा प्रश्न प्रत्येक नाशिककराला पडतो. ओझरहून सुटणारी नियमित प्रवासी उड्डाणं मुख्यतः इंडिगोची आहेत आणि इंडिगो पाळीव प्राणी नेत नाही. अपवाद आहे तो दिव्यांग प्रवाशांबरोबरच्या प्रशिक्षित मदतनीस कुत्र्यांचा. घरातला टॉमी त्यात बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नका.

देशांतर्गत प्रवासासाठी मुख्य पर्याय दोन: एअर इंडिया आणि अकासा. अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून पाळीव प्राणी घ्यायला सुरुवात केली. दोघांसाठीही तुम्हाला मुंबई किंवा पुणे गाठावं लागेल. मुंबई साधारण १७० किलोमीटर, पुणे २१०. बहुतेक शहरांसाठी मुंबईहून थेट विमान मिळतं, म्हणून मुंबईच बरी. नगर रस्त्याला किंवा पुण्याच्या बाजूला नातेवाईक असतील आणि एक रात्र मुक्काम करता येत असेल, तर पुण्याचा विचार करा.

थेट विमानच घ्या. मध्ये विमान बदलणं म्हणजे कुत्र्याचा पिंजरा दोनदा उतरणार, दोनदा चढणार आणि मधले तास कुठेतरी थांबणार. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं असतील तर मधल्या विमानतळावर तुम्हालाच बाहेर येऊन, कुत्रा ताब्यात घेऊन, सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागते. त्यासाठी वाचलेले हजार-दोन हजार रुपये फार महाग पडतात.

२. वजन करा, पिंजऱ्यासकट

घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन. फरक हे त्याचं वजन. पंचवीस किलोच्या वरचा असेल तर उचलून घेण्याच्या फंदात न पडता भुसार मालाच्या दुकानातला जमिनीवरचा काटा वापरा, दुकानदार नाही म्हणत नाहीत. दवाखान्यातला काटा तर आहेच.

आता त्यात पिंजऱ्याचं वजन मिळवा. विमान कंपनी नेहमी दोघांचं मिळून वजन धरते आणि त्यावरून तीन वाटा फुटतात.

केबिनमध्ये तुमच्याजवळ: पिशवीसकट ७ ते १० किलोपर्यंत, कंपनीनुसार. म्हणजे कुत्रा प्रत्यक्षात सहा ते साडेआठ किलोच्या आतला हवा. पॉमेरेनियन, छोटा डॅशहंड, पिल्लू. पिशवी मऊ, पण तळ पाणी न झिरपणारा, आणि ती पुढच्या सीटखाली मावली पाहिजे. कुत्र्याला आत उभं राहता आणि वळता आलं पाहिजे. पूर्ण प्रवासात त्याला बाहेर काढायचं नसतं, मांडीवर घ्यायचं नसतं, चेन उघडून तोंड बाहेर ठेवायचं नसतं.

तुमच्याच विमानात, खाली सामानाच्या कप्प्यात: पिंजऱ्यासकट साधारण ३२ किलोपर्यंत. कप्प्यात हवेचा दाब केबिनइतकाच असतो. जनावर ठेवायचा भाग वेगळा ठरलेला असतो आणि आत काय आहे हे वैमानिकाला लेखी कळवलेलं असतं. अंधार आणि आवाज मात्र असतो.

कार्गो: ३२ किलोच्या वर. हे प्रवासी सामान नव्हे, माल. कार्गोचं वेगळं कार्यालय, वेगळी पावती, बहुतेक वेळा एजंट, आणि कुत्रा तुमच्याच विमानात असेल याची खात्री नाही.

इथला सापळा लॅब्रेडॉरवाल्यांसाठी आहे. कुत्रा ३० किलोचा, म्हणजे ३२ मध्ये बसला, असं धरून चालतात. पण त्या मापाचा पिंजराच दहा-बारा किलोचा असतो. बेरीज ४० च्या पुढे. आपला लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड किंवा गोल्डन बहुतेक वेळा कार्गोतच जातो, हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरा. तो थोडा जाड असेल तर दोन महिन्यांत वजन उतरवा. प्रवासात श्वास लागायला जाडेपणा हे मोठं कारण असतं. पण वजनाची मर्यादा गाठायची म्हणून उपाशी ठेवू नका.

३. नाक बघा

पग, बुलडॉग, शित्झू, बॉक्सर, ल्हासा: चपट्या नाकाचे सगळे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो तोंड उघडून धापा टाकतो आणि अंगातली उष्णता बाहेर टाकतो. चपट्या नाकाच्या जातींच्या नाकपुड्या अरुंद आणि घशातला मऊ पडदा लांब असतो, त्यामुळे धाप टाकणंच त्यांना पुरेसं जमत नाही. गरम जागेत घाबरलेला पग काही मिनिटांत कोसळू शकतो. म्हणून अनेक कंपन्या या जातींना सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत. केबिनच्या वजनात बसत असेल तरच विमान. नाहीतर रस्त्याने किंवा रेल्वेने न्या. काही घरं फॉर्मवर जात बदलून लिहायचा विचार करतात. काउंटरवरच्या माणसाला पग ओळखता येतो.

४. मापं आणि पिंजरा

अनेक कुत्रे परत पाठवले जातात ते पिंजऱ्यामुळे. नियम आंतरराष्ट्रीय आहेत (आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे), आणि सूत्र सोपं आहे. कुत्र्याला सपाट जमिनीवर सरळ उभं करा आणि शिंप्याच्या टेपने चार मापं घ्या:

क – नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. शेपूट धरायची नाही.
ख – पुढच्या पायाच्या कोपरापासून जमिनीपर्यंत.
ग – खांद्यांची रुंदी, जिथे सगळ्यात जास्त असेल तिथे.
घ – उभा असताना डोक्याच्या किंवा ताठ कानांच्या टोकापर्यंतची उंची, जे जास्त असेल ते.

पिंजऱ्याची आतली लांबी = क + ख चा अर्धा भाग. रुंदी = ग ची दुप्पट. उंची = घ + अंथरुणाची जाडी. चपट्या नाकाच्या कुत्र्यासाठी सगळ्या मापांत १० टक्के वाढवा.

एक उदाहरण घेऊ. मध्यम बांध्याचा, ताठ कानांचा गावठी कुत्रा, वजन २१ किलो. क ७० सेंटिमीटर, ख ३५, ग १८, घ ६२. मग लांबी ७० + १७.५ = ८७.५, रुंदी ३६, उंची ६२ अधिक तीन सेंटिमीटर अंथरूण म्हणजे ६५. दुकानदार म्हणेल, ३६ इंची पिंजरा घ्या, तो ९१ सेंटिमीटर लांब असतो. लांबीत बसतो खरा. पण या पिंजऱ्याची उंची बाहेरून साधारण ६६ असते, आणि वरचं छत आतून वाकलेलं असतं. आत टेप धरा: ६२-६३ च्या आसपास भरेल. कान छताला टेकले, पिंजरा नापास. मग ४० इंची घ्यावा लागतो, आणि तो दहा किलोच्या घरात जातो. २१ अधिक १०, वर अंथरूण आणि पाण्याचं भांडं. काटा ३२ ला टेकलाच. म्हणून म्हटलं की आधी पिंजरा, मग तिकीट: हे गणित पिंजरा हातात आल्याशिवाय कळत नाही.

विकत घेताना पुढच्या गोष्टी हाताने तपासा.

दार धातूच्या जाळीचं हवं आणि कडी वर-खाली दोन्हीकडे खोबणीत बसणारी. दार बंद करून आतून ढोसून बघा, वाकलं तर नको.

वरचा आणि खालचा भाग प्लास्टिकच्या चापांनी जोडलेला असतो. ते काढून टाका आणि धातूचे नट-बोल्ट लावा. हार्डवेअरच्या दुकानात रुंद वॉशरसकट मिळतात. भोकाचं माप घ्यायला पिंजऱ्याचा वरचा भाग बरोबर घेऊन जा. वर प्रत्येक कोपऱ्यात एकेक केबल टाय. दाराला कुलूप मात्र लावायचं नाही. संकटात कोणालाही उघडता आलं पाहिजे.

चाकं असतील तर काढा. निघत नसतील तर तो पिंजरा घेऊ नका.

हवेच्या जाळ्या चारही बाजूंना. स्वस्तातल्या पिंजऱ्यांना मागची बाजू बंद असते.

पाण्याचं आणि खाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं, पण बाहेरून दार न उघडता भरता येईल असं.

घरी वापरतो तो घडीचा तारांचा पिंजरा चालत नाही. त्यात पंजा किंवा दात अडकतो. सुताराकडून प्लायवूडचा करून घेणं चालू शकतं, पण लाकडी पिंजरा प्लास्टिकपेक्षा बराच जड होतो. कार्गोतच जाणार असेल तर ठीक, ३२ किलोच्या आत राहायचं असेल तर लाकूड विसरा. भाड्याने मिळत असेल तरीही किमान महिनाभरासाठी घ्या. आदल्या दिवशी आणलेला पिंजरा कुत्र्यासाठी परका असतो, आणि त्याचं काय होतं ते सातव्या पायरीत बघू.

५. फोन, ईमेल, मग तिकीट

वजन, मापं आणि पिंजऱ्याचा फोटो घेऊन विमान कंपनीला फोन करा. एका विमानात किती प्राणी घ्यायचे याला मर्यादा असते, आणि काही विमानांच्या कप्प्यात प्राणी घेतच नाहीत. म्हणून आधी विचारायचं: "अमुक तारखेच्या अमुक विमानात जागा आहे का?" हो म्हटलं तर तो होकार ईमेलवर मागा, मिळाला की त्याच दिवशी तिकीट काढा आणि लगेच कुत्र्याची नोंद करून घ्या. नोंद झाल्याचा ईमेल मागा. फोनवर "हो हो, चालेल" म्हणणारा माणूस काउंटरवर नसतो.

कुत्र्याचं भाडं वेगळं असतं. तुमच्या १५ किलो मोफत सामानात तो धरला जात नाही, तुम्ही बॅग नेली नाही तरीही. दर बदलत राहतात, त्यामुळे नोंद करतानाच आकडा विचारून घ्या.

वेळ निवडताना पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्या. विमान हवेत असताना कप्प्यातलं तापमान राखलेलं असतं. धोका असतो तो जमिनीवर: ट्रॉली इमारतीतून निघून विमानापाशी उन्हात थांबते ती दहा-वीस मिनिटं. एप्रिल-मेमध्ये दिल्ली, नागपूर, अहमदाबादकडे जाणार असाल तर दुपारचं विमान घेऊच नका. मुंबईत ढग असले तरी तिकडे उतरताना ४२ अंश असू शकतात. दिवाळीचे चार दिवसही टाळा, रस्त्यातल्या फटाक्यांपायी.

६. कागदपत्रं

लसीकरणाचं पुस्तक, मूळ. रेबीजची लस प्रवासाच्या किमान ३० दिवस आधी दिलेली आणि मुदतीत असलेली. पानावर लसीचा स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का हे सगळं हवं. नुसत्या पेनाने लिहिलेल्या नोंदीवर काउंटरला शंका घेतात. पिल्लाला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर मिळते, म्हणजे चार महिन्यांच्या आतलं पिल्लू विमानाने नेण्याचा विचार सोडून द्या.

आरोग्य प्रमाणपत्र, ज्याला सगळे "फिट टू फ्लाय" म्हणतात. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, त्यांच्या राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदणी क्रमांकासह. कुत्र्याचं नाव, जात, रंग, लिंग, वय, वजन, मालकाचं नाव, कुठून कुठे, आणि तो प्रवासाला तंदुरुस्त आहे, संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, हे स्पष्ट लिहिलेलं. किती दिवसांच्या आतलं हवं हे कंपनीनुसार बदलतं, तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत. तारीख आधी विचारा आणि त्या हिशेबाने दवाखान्यात जा. रविवारी दवाखाने बंद असतात; सोमवारच्या पहाटेचं विमान असेल तर शनिवारीच काम उरका.

तुमचं ओळखपत्र. पुस्तकावर वडिलांचं नाव आणि तिकीट मुलाच्या नावावर असेल तर प्रमाणपत्रावर प्रवास करणाऱ्याचं नाव घालून घ्या.

कंपनीचं हमीपत्र. घरीच छापून, भरून न्या. काउंटरवर रांगेत कुत्रा सांभाळत फॉर्म भरणं हे एक दिव्य आहे.

महापालिकेचा श्वान परवाना असेल तर तोही ठेवा. नव्या शहरात सोसायटीवाले विचारतात.

सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. एक संच प्लास्टिकच्या पाकिटात घालून पिंजऱ्याच्या छताला चिकटवायचा. जातीच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द हवा: पुस्तकात "मिक्स", प्रमाणपत्रात "इंडी" आणि नोंदीत "लॅब क्रॉस" असं झालं की तिथे कोणाला तरी फोन लागेपर्यंत तुम्ही बाजूला उभे.

गाभण कुतरी शेवटच्या दिवसांत नेता येत नाही. तसं १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांतच म्हटलं आहे.

परदेशी जायचं असेल तर ही यादी अपुरी आहे. तिथे आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), त्यानंतर रेबीजची लस, मग काही देशांसाठी रक्ताची चाचणी, आणि निघण्यापूर्वी केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइनच्या मुंबई कार्यालयाचं प्रमाणपत्र, असा क्रम असतो. युरोपीय संघासाठी लसीनंतर ३० दिवसांनी रक्त काढतात आणि त्यानंतर तीन महिने थांबावं लागतं. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. सहा महिन्यांच्या आतला कुत्रा घेतच नाहीत. ब्रिटनमध्ये कुत्रा फक्त कार्गोनेच उतरतो. लस आधी आणि चिप नंतर बसवली तर ती लस धरत नाहीत, एवढं एक लक्षात ठेवा आणि सहा-सात महिने आधी कामाला लागा.

७. पिंजऱ्याची सवय

इथे घाई केली तर बाकी सगळं वाया. पिंजऱ्यात घाबरलेला कुत्रा दाराची जाळी चावतो, दात तुटतात, नखं सोलतात, आणि धापा टाकून टाकून तापतो. काउंटरवर तो असा दिसला तर कंपनी नाही म्हणू शकते, आणि तिचं बरोबरच असतं.

पहिला आठवडा: पिंजरा हॉलमध्ये ठेवा, जिथे घर बसतं-उठतं तिथे. दार काढून ठेवा, नाहीतर वाऱ्याने आपटतं आणि पहिल्याच दिवशी तो बिचकतो. आत त्याची रोजची सतरंजी घाला. ढकलायचं नाही, आमिष दाखवून अडकवायचंही नाही. जेवणाचं भांडं आधी दारात, मग थोडं आत, मग अगदी मागे.

दुसरा आठवडा: दार लावा. तो जेवत असताना बंद करायचं, संपलं की उघडायचं. मग पाच मिनिटं, दहा, वीस. रडतोय म्हणून लगेच उघडलं तर रडल्यावर दार उघडतं हे तो शिकतो. क्षणभर गप्प बसला की त्या क्षणी उघडा. पण लाळ गाळतोय, सतत दार खरवडतोय, तर तुम्ही घाई केलीत. दोन पायऱ्या मागे या.

तिसरा आणि चौथा आठवडा: तास-दोन तास, तुम्ही दुसऱ्या खोलीत. मग रात्री झोप पिंजऱ्यातच. दुपारी कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना आत राहू द्या.

पाचवा आठवडा: पिंजरा हलवा. दोघांनी मिळून उचला, दोन पावलं चाला, ठेवा. मग गाडीत. पाथर्डी फाट्यापर्यंत, मग विल्होळीपर्यंत, मग एकदा घोटीपर्यंत जाऊन या. एखादी संध्याकाळ नाशिक रोड स्टेशनच्या बाहेर पट्ट्यावर उभं करा: गर्दी, घोषणा, चाकाच्या बॅगांची खडखड. विमानतळावर यापेक्षा वेगळं काही नसतं.

शेवटची परीक्षा: चार तास सलग, पाणी दाराच्या भांड्यात, तुम्ही घरात नाही. तो झोपून राहिला तर तयार आहे.

सतरंजी धुवू नका. तुमचा एक वापरलेला टी-शर्ट प्रवासाच्या दिवशी आत घाला.

८. झोपेची गोळी नको

हे नातेवाईक हमखास सुचवतात. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते, आणि पिंजरा कलला की कुत्र्याला तोल सावरता येत नाही. कप्प्यात त्याच्याकडे बघायला कोणी नसतं. बहुतेक कंपन्या गुंगीतला कुत्रा घेत नाहीत. फार भित्रा कुत्रा असेल तर डॉक्टर सौम्य औषध देऊ शकतात, पण ते दोन आठवडे आधी घरी देऊन परिणाम बघायचा. तेवढ्यानेही भागत नसेल तर त्या कुत्र्यासाठी विमान योग्य नाही.

९. नाशिक ते मुंबई

तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही वाचा. आता नवी मुंबईहूनही उड्डाणं सुटतात, आणि चुकीच्या विमानतळावर पिंजरा घेऊन पोचलात तर विमान गेलंच समजा.

काउंटरवर उड्डाणाच्या तीन तास आधी पोचायचं. रस्त्याला साडेतीन-चार तास धरा, वर एक तास अडचणींचा. सकाळी सातचं विमान असेल तर रात्री अकराला नाशिकचा द्वारका चौक सोडा. इगतपुरीजवळून समृद्धी महामार्गावर चढलात तर कसारा घाट टळतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. पावसाळ्यात आणि गाडी लागणाऱ्या कुत्र्यासाठी हा मोठा फायदा, घाटाच्या वळणांवरच बहुतेक कुत्री ओकतात. पण समृद्धीवर मध्येच कडेला गाडी लावून कुत्र्याला उतरवायचं नाही. शी-शू चढायच्या आधी. आमण्यानंतर भिवंडी आणि ठाणं आहेच; वाचलेला वेळ तिथे जातो, त्यामुळे समृद्धी आहे म्हणून उशिरा निघू नका.

पिंजरा साध्या हॅचबॅकमध्ये मावत नाही. ४० इंची पिंजरा एर्टिगा-इनोव्हासारख्या गाडीत मागची सीट पाडून बसतो. निघण्याच्या दोन दिवस आधी रिकामा पिंजरा गाडीत घालून बघा. टॅक्सी असेल तर चालकाला कुत्र्याचं आणि पिंजऱ्याचं आधीच सांगा, रात्री अकराला दारात वाद नको.

खाणं: निघण्यापूर्वी दोन तास आधी नेहमीच्या निम्मं, हलकं: भात-दही किंवा रोजचंच. नवीन काही नाही. प्राणी वाहतूक नियमांत प्रवासाआधी किमान दोन तास खाणं-पाणी द्यावं आणि उपाशी-तहानलेल्या अवस्थेत पिंजऱ्यात घालू नये असं आहे. त्यामुळे "काहीच देऊ नका" हा सल्ला ऐकू नका. पाणी शेवटपर्यंत, थोडं थोडं. भांड्यातलं पाणी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा आणि थर्माकोलच्या डब्यातून न्या. चढवताना सांडत नाही, हळूहळू वितळत राहतं.

पिंजऱ्यावर: "जिवंत प्राणी" अशी इंग्रजी चिठ्ठी, अक्षरं किमान एक इंच उंच, दोन्ही बाजूंना वर दाखवणारे बाण, कुत्र्याचं नाव, तुमचे दोन मोबाइल नंबर (त्यातला एक विमानात नसलेल्या माणसाचा), पोचायचं शहर.

१०. विमानतळावर

आत शिरण्यापूर्वी बाहेर दहा-पंधरा मिनिटं चालवा. आत गेल्यावर पुन्हा संधी नाही. वेब चेक-इनवर अवलंबून राहू नका, काउंटरवरच जायचं. वजन होईल, कागद बघतील, पैसे भरायला दुसऱ्या खिडकीवर पाठवतील. म्हणून बरोबर दुसरा माणूस असला तर फार सोपं जातं.

तपासणीला कुत्र्याला बाहेर काढावं लागतं आणि रिकामा पिंजरा यंत्रातून जातो. पट्टा घट्ट धरा. घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून डोकं सहज मागे काढतो, त्यामुळे छातीचा पट्टा हवा. केबिनमध्ये नेत असाल तर सुरक्षा दारातून त्याला कडेवर घेऊन जा. तपासणी झाली की छातीचा पट्टा आणि साखळी काढून घ्या, आत अडकते. मुसकं तर कधीच आत ठेवू नका. तोंड बांधलेल्या कुत्र्याला धाप टाकता येत नाही. केबल टाय तपासणी झाल्यावर लावायचे, आधी नाही. कातरी हातातल्या बॅगेत चालत नाही, म्हणून दार पक्कं करण्यापूर्वी सगळं आत आहे ना ते बघा.

पिंजरा देताना दोन गोष्टी मागा: शक्यतो शेवटी चढवा, आणि चढल्यावर सांगा. विमानात बसल्यावर हवाईसुंदरीला नम्रपणे विचारा, कुत्रा चढला का. ते खाली विचारून सांगतात. निरोप देताना मात्र मिठ्या मारत बसू नका. तुमचा रडवेला आवाज त्याला नेमका कळतो. दार लावा आणि निघा.

११. उतरल्यावर

पिंजरा पट्ट्यावर येत नाही. मोठ्या सामानाचा वेगळा दरवाजा असतो, तिथे पावती घेऊन उभे राहा. आपल्या बॅगा नंतर. दार उघडण्यापूर्वी फटीतून हात घालून पट्टा लावा, मग दार. नवीन शहरात विमानतळाच्या पार्किंगमधून पळालेला कुत्रा सापडणं कठीण.

आधी चालवा, मग थोडं पाणी, जेवण तासाभराने आणि निम्मं. दमून झोपला तर झोपू द्या. पण लाळ घट्ट आणि चिकट, हिरड्या गडद लाल किंवा निळसर, पाय लटपटताहेत, असं दिसलं तर थांबायचं नाही. साध्या पाण्याने अंग भिजवा, बर्फ लावू नका, गाडीत एसी लावून थेट दवाखान्यात. निघण्यापूर्वीच तिथल्या एका चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याचा पत्ता मोबाइलमध्ये हवा तो यासाठी.

आणि कुत्र्याला घेऊन परत यायचं असेल तर नाशिकचं प्रमाणपत्र परतीला चालेल असं धरू नका. त्याची मुदत संपलेली असते. तिथल्या डॉक्टरांकडून नवीन घ्यावं लागेल, त्यासाठी लसीकरणाचं मूळ पुस्तक बरोबर ठेवा, आणि परतीची नोंद जातानाच करून घ्या, कारण जागेची मर्यादा त्या विमानालाही आहे.